माळ्यावरचं टोपीचं रिव्हॉल्व्हर

वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगाव, पुलगाव, देवळी या पट्ट्यातले जुने वाडे आता झपाट्याने उतरत आहेत. भावाभावांत वाटण्या होतात, सागाची खांडं विकली जातात आणि मातीच्या भिंतींच्या जागी स्लॅबची घरं उभी राहतात. अशा वेळी माळ्यावरची संदूक खाली येते. तिच्यात जरीचे जुने कपडे निघतात, मोडी कागदांचा गठ्ठा निघतो, एखादी गंजलेली तलवार किंवा ठासणीची बंदूक निघते. क्वचित एखाद्या घरात फडक्यात गुंडाळलेलं, हातात धरलं की मनगट खाली ओढणारं, फिरत्या चक्रीचं पिस्तूलही निघू शकतं. त्यात काडतूस बसायला जागा नसते. चक्रीच्या मागच्या बाजूला पाच-सहा बारीक टोकं, म्हणजे निपल, तेवढी दिसतात. हेच टोपीचं रिव्हॉल्व्हर. घरातल्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘चालते का हे?’

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर शोधायचं ते चाप ओढून नव्हे.

या शस्त्राचा इतिहास आधी थोडक्यात सांगतो, कारण हातातली वस्तू काय आहे हे त्यावरूनच कळतं. ठिणगीऐवजी आघाताने पेटणाऱ्या स्फोटक मिश्रणाचं पेटंट अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने 1807 मध्ये घेतलं. पुढे ते मिश्रण तांब्याच्या चिमुकल्या टोपीत भरलं जाऊ लागलं आणि चकमकीचे दिवस संपले. सॅम्युएल कोल्टने 1836 मध्ये अमेरिकेत फिरत्या चक्रीच्या पिस्तुलाचं पेटंट मिळवलं. त्याचं 1851 चं ‘नेव्ही’ मॉडेल (.36 कॅलिबर, सहा घरांची चक्री, साडेसात इंची अष्टकोनी नळी, वजन सुमारे 1.2 किलो) जगभर गेलं. 1853 ते 1856 या काळात कोल्टचा एक कारखाना लंडनमध्येही चालत होता. त्याचा इंग्रज स्पर्धक रॉबर्ट अ‍ॅडम्स. त्याचं 1851 चं रिव्हॉल्व्हर पाच घरांचं होतं आणि वरच्या पट्टीसकट त्याचा सांगाडा अखंड होता. 1856 मध्ये लेफ्टनंट बोमाँटने त्यात सुधारणा केली. आता घोडा अंगठ्याने मागे ओढूनही बार काढता येई आणि नुसता चाप ओढूनही. 1857 च्या उठावात कंपनीच्या आणि राणीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला बोमाँट-अ‍ॅडम्स, ट्रँटर आणि कोल्ट अशी नाना पिस्तुलं होती.

नागपूरचं भोसल्यांचं राज्य कंपनीने नुकतंच खालसा केलं होतं. 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा झाला आणि पाठोपाठ रेल्वे आली. साहेब विलायतेला परतताना किंवा इथेच वारला की त्याच्या सामानाचा लिलाव व्हायचा. मालगुजार, ठेकेदार, वकील अशा मंडळींच्या घरी अशी शस्त्रं पोचण्याची ती एक वाट. 1878 चा शस्त्र कायदा आल्यावर परवाना सक्तीचा झाला. म्हणून संदुकीतले मोडी आणि इंग्रजी कागद रद्दीत देऊ नका. आजोबा-पणजोबांच्या नावचा परवाना त्यात असला, तर ते शस्त्र घरात कायदेशीर मार्गाने आल्याचा तोच पुरावा. शिवाय 1951 साली मालगुजारी गेल्यावर घरातलं कुणीच त्या परवान्याकडे पाहिलं नसेल, ही शक्यता मोठी आहे.

पहिल्या दहा मिनिटांत

रिव्हॉल्व्हर भरलेलं आहे असंच समजा. शंभर वर्षांहून जुनं शस्त्र भरलेलं कसं असेल, असं वाटेल. पण काळी दारू कुजत नाही. घरात ओल शिरली नाही आणि तोंडावर शिशाची गोळी घट्ट बसलेली असली, तर ती दारू आजही पेटते. टोपीचं रिव्हॉल्व्हर रिकामं करायचा सोपा मार्ग म्हणजे बार काढणं. त्यामुळे लोक ते भरलेलंच गुंडाळून ठेवत. निपलवर हिरवट पडलेली तांब्याची टोपी दिसली तर खेळ संपला असं समजून हात मागे घ्या. त्या काळच्या टोप्यांत पाऱ्याचं फल्मिनेट असे. ते जुनं झालं की कसं वागेल याचा भरवसा नाही. टोपी नखाने किंवा पिनेने काढायला जाऊ नका, ठोकू नका, घोडा मागे ओढून ‘सुटतो का’ ते पाहू नका.

नळीत पाणी ओतून दारू मारून टाकतात, असं कुणीतरी हमखास सुचवेल. घट्ट बसलेल्या गोळीमागे पाणी पोचलंच याची खात्री कशी करणार? वरून ओलं आणि आत कोरडं राहिलेलं शस्त्र जास्त फसवं असतं.

ज्या जागी सापडलं तिथेच, नळीचं तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे राहील असं ते राहू द्या. पोरांना बाहेर काढा. न हलवता फोटो घ्या. पोलीस ठाण्याला कळवा आणि त्यांना घरी बोलवा. स्वतः पिशवीत घालून मोटारसायकलवरून ठाण्यात नेण्याचा उत्साह नको, कारण परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरणं हा वेगळा गुन्हा आहे. सोबत एक साधा अर्ज तयार ठेवा: कोणत्या तारखेला, कोणत्या घरात, कुणासमोर, कोणत्या संदुकीत सापडलं. त्याच्या प्रतीवर पोच घ्या. कळवलं तर चौकशीचा ससेमिरा लागेल, अशी धास्ती गावात असते आणि ती अगदीच निराधार आहे असंही मी म्हणणार नाही. थोडी धावपळ होतेच. पण स्वतःहून दिलेला अर्ज आणि झडतीत निघालेलं शस्त्र यांत न्यायालय फार मोठा फरक करतं. जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्या एखाद्या वकिलाला तासभर फी देऊन अर्ज लिहून घेतलात, तर ते पैसे वाया जाणार नाहीत.

या परिसराला हे फार समजावून सांगावं लागू नये. शेजारी पुलगावला देशातलं सर्वांत मोठं दारूगोळा भांडार आहे. 31 मे 2016 च्या पहाटे तिथे लागलेल्या आगीत माणसं गेली. 20 नोव्हेंबर 2018 रोजी जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा जण मरण पावले. जुनं झालं म्हणजे निर्धोक झालं, असं मानणाऱ्याने ही दोन वर्षं आठवावीत.

कायदा काय म्हणतो

इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘अँटिक आहे, परवाना लागत नाही,’ असं छातीठोक सांगणारा एक तरी पाहुणा प्रत्येक घरात असतो. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 45 (क) मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे खरी. पण त्याच वाक्याच्या शेवटी अट आहे: ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसलं पाहिजे. तुमचं बोमाँट-अ‍ॅडम्स गंजलेलं असलं, पण नवे निपल बसवले आणि कमान बदलली की चालू शकत असलं, तर ते या सुटीत बसत नाही. नुसतं वय पुरत नाही.

2020 मध्ये शस्त्र नियमांत दुरुस्ती झाली. ‘क्युरिओ’ या वर्गात मोडणारी छोटी शस्त्रं मिळवायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला परवान्याची गरज राहिली नाही. मात्र ती वापरायची असली, घेऊन फिरायची असली, एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची असली, तर परवाना लागतोच. परवान्यावर त्या शस्त्राची नोंद नसेल तर त्यासाठी दारूगोळा विकत मिळत नाही. म्हणजे भिंतीवरच्या काचेच्या पेटीपर्यंत मोकळीक आहे, चापापर्यंत नाही. शिवाय आपली वस्तू क्युरिओत मोडते हे आपणच ठरवून मोकळं होऊ नये. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या.

घरात चालू परवाना असेल आणि परवानाधारक वारले असतील, तर शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा असतो. 2016 च्या नियमांनुसार परवानाधारक हयात असतानाही, त्यांचं वय सत्तर झालं असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असेल, तर वारसाकडे ते सोपवण्याची सोय आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांसाठी मिळतो. आधीच दोन बंदुका असलेल्या काकांच्या परवान्यावर हे तिसरं शस्त्र चढणार नाही, हे अर्ज करण्याआधीच मोजून घ्या.

रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, मग हेही चालेल की, असा युक्तिवाद आपल्याकडे नक्की होईल. कायद्यात पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, हे खरं. पण ती बंदूक. रिव्हॉल्व्हर हा वेगळा वर्ग आहे आणि जागलीवर त्याचा काही उपयोगही नाही. रानडुकराला मारण्याची परवानगी हा तर वनखात्याकडचा निराळाच विषय आहे.

आणखी एक. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते. अमेरिकेतल्या मुलाकडे जाताना आठवण म्हणून ती बॅगेत टाकण्याचा विचारही करू नका. विमानतळावर शस्त्र कायदा आणि पुरावशेष कायदा असे दोन्ही गळ्यात पडतील.

ओळखायचं कसं

शस्त्र पोलिसांनी किंवा परवानाधारक बंदूकदुरुस्ती करणाऱ्याने रिकामं असल्याची खात्री केली, की मग निवांत पाहा. नळीच्या वरच्या पट्टीवर, चक्रीवर आणि सांगाड्यावर काय कोरलंय ते भिंगाने वाचा. लंडनच्या कोल्टवर नळीवर कर्नल कोल्टचा लंडनचा पत्ता असतो, अमेरिकेतल्यावर बहुधा न्यूयॉर्कचा. इंग्रजी शस्त्रांवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाच्या मुकुटाच्या खुणा असतात. ‘फक्त काळी दारू’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर किंवा इटलीच्या गार्डोने गावाच्या चाचणीगृहाची खूण दिसली, तर ती विसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची नक्कल आहे. ब्रेशियाजवळच्या त्या भागात उबेर्ती आणि पिएट्टा या कंपन्या आजही अशी रिव्हॉल्व्हरं बनवतात. नक्कल असेल तर पुराणवस्तूच्या सवलतीचा प्रश्नच उरत नाही.

चिंच-मीठ लावून घासू नका. शस्त्र पितळी समईसारखं चकचकीत करण्याचा मोह आपल्याकडच्या घरांत फार. सँडपेपर आणि पॉलिशने मूळचा निळसर-तपकिरी थर गेला, अक्षरं पुसट झाली, की संग्राहकाच्या आणि अभ्यासकाच्या दृष्टीने अर्धं मोल गेलं. मऊ फडक्याने धूळ पुसावी, हलकं तेल किंवा मेणाचा पातळ थर द्यावा आणि तिथे थांबावं. लाकडी मुठीला तेल लावू नये.

झाडायचंच असेल तर

आता मूळ प्रश्नाकडे. हा भाग मुख्यतः दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: रीतसर परवाना, नोंदणी आणि मान्यताप्राप्त रेंज या तिन्ही गोष्टी ज्यांच्याकडे आहेत ते, आणि परदेशात राहणारी आपली मंडळी. ब्रिटनमध्ये 1997 ला पिस्तुलांवर बंदी आली तेव्हा तोंडाने भरायची शस्त्रं तिच्यातून वगळली गेली. तिथे जुनं शस्त्र शोभेची वस्तू म्हणून ठेवता येतं, पण झाडायचं झालं की प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात 1898 पर्यंत बनलेली शस्त्रं ‘अँटिक’ धरली जातात. राज्याराज्यांचे नियम मात्र वेगळे आहेत, ते तपासून पाहावेत. काळ्या दारूच्या नेमबाजीची एक आंतरराष्ट्रीय समिती 1971 पासून स्पर्धा भरवते. तिच्यात टोपीच्या रिव्हॉल्व्हरचा ‘मॅरिएट’ नावाचा प्रकार आहे: पंचवीस मीटरवर, तीस मिनिटांत तेरा बार, त्यांतले उत्तम दहा मोजायचे. तेरा बारांना अर्धा तास का देतात, हे पुढे वाचताना कळेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अस्सल जुनं रिव्हॉल्व्हर झाडू नये. त्या काळच्या चक्र्या आजच्या पोलादाच्या नाहीत. 1847 च्या ‘वॉकर’ कोल्टच्या कितीतरी चक्र्या नव्या असतानाच फुटल्या होत्या. चाचणीगृहाची खूण त्या दिवशी शस्त्र टिकलं एवढंच सांगते, दीडशे पावसाळ्यांनंतरचं काही सांगत नाही. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. शौक असेल तर नवी नक्कल घ्यावी आणि आजोबांचं शस्त्र पेटीत राहू द्यावं. तरीही अस्सलच झाडायचं असेल, तर जाणत्या बंदूक-कारागिराकडून तडे, नळीचा फुगवटा, निपलची झीज आणि घोडा ओढल्यावर प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर येऊन घट्ट थांबतं की नाही, हे तपासून घ्यावं. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घर किंचित बाजूला थांबलं तर गोळी नळीच्या काठावर कापली जाते आणि शिशाचे तुकडे बाजूच्या माणसाच्या अंगावर उडतात.

दारू काळीच हवी. आधुनिक धूरविरहित दारू यात चिमूटभरही चालत नाही, ती चक्री फोडते. फटाक्याची दारू तर मुळीच नाही. तिच्यात अ‍ॅल्युमिनियमसारखे पदार्थ असतात आणि ती किती दाब देईल हे कुणालाच ठाऊक नसतं. खेळण्यातल्या टिकल्या निपलवर बसवणं किंवा घरी दारू कुटणं हे असले उद्योग शाळकरी पोरं करतात, मोठ्यांनी थांबवायचे असतात. काळी दारू 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 च्या नियमांखाली येते. ते नियम राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, ‘पेसो’चं, मुख्यालय नागपुरातच आहे. दारू कुठून आणि कशी घ्यायची हे विचारायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

मापाचं गणित ग्रेनमध्ये चालतं. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. .36 च्या नेव्हीला बारीक दाण्याची, म्हणजे ‘थ्री-एफ’ प्रतीची, 15 ते 20 ग्रेन दारू पुरते. नेमासाठी नेहमी खालच्या मापाने सुरुवात करावी आणि नक्कल असल्यास उत्पादकाच्या पुस्तिकेतली मर्यादा ओलांडू नये. दारू वजनाने नव्हे, आकारमानाने मोजतात, म्हणून एक ठरलेलं पितळी माप हवं. डब्यातून किंवा शिंगातून थेट चक्रीच्या घरात कधीही ओतू नका. आधीच्या बाराचा विस्तव आत शिल्लक असला तर हातातला अख्खा डबा पेटेल. डब्यातून मापात आणि मापातून घरात, हाच क्रम.

रेंजवर गेल्यावर आधी घरं आणि निपल तेलापासून कोरडे करावेत. मग दारू न भरता प्रत्येक निपलवर एक टोपी फोडावी, तोंड अर्थातच लक्ष्याकडे. नळीसमोर जमिनीवरचं गवताचं पातं हललं तर निपलचं भोक मोकळं आहे. त्यानंतर घोडा अर्धा ओढून चक्री मोकळी फिरवायची. मापाने दारू, त्यावर ग्रीस लावलेल्या नमद्याची चकती, त्यावर मऊ शिशाची गोळी. गोळी घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी असते, .36 साठी साधारण .375 इंच. नळीखालची दांडी ओढून ती दाबली की कडेने शिशाची बारीक कडी कापली जाते. ही कडी पूर्ण गोल निघाली म्हणजे गोळी घरात चपखल बसली. कडी निघालीच नाही तर गोळी बारीक आहे, ती वापरू नका. गोळी दारूवर टेकेपर्यंत दाबायची. मध्ये पोकळी राहता कामा नये. पोकळी राहिली तर घर फुगण्याचा धोका आहे, म्हणून कमी दारू भरताना वर रव्यासारखं भरण घालून जागा भरून काढतात. आणि गोळी घराच्या काठाखाली गेली पाहिजे, नाहीतर चक्री फिरताना अडकेल.

या शस्त्राचा सर्वांत वाईट अपघात म्हणजे एका बाराबरोबर शेजारची घरंही पेटणं. नळीसमोर नसलेल्या घरातून सुटलेली गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. ज्वाला पुढून, सैल गोळीच्या कडेने शिरते किंवा मागून, ढिल्या टोपीखालून. म्हणून चपखल गोळी, नमदा किंवा तोंडावर ग्रीस आणि निपलच्या मापाची टोपी, या तिन्हींपैकी एकाचाही आळस करू नये. टोपी ढिली वाटली तर चिमटीत किंचित दाबून बसवतात, पण मुळातच योग्य मापाची मिळवणं बरं. टोप्या सगळ्यात शेवटी, फायरिंग लाइनवर उभं राहून, तोंड लक्ष्याकडे ठेवूनच चढवायच्या. सहा घरं असली तरी पाचच भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवण्याची जुनी रीत आजही योग्य आहे.

डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हे सांगायला नको. मोकळा हात मात्र चक्रीच्या पुढे कधीही नेऊ नका. चक्री आणि नळीच्या फटीतून बाजूला गरम वायू सुटतो. बघ्यांनी बाजूला नव्हे, मागे उभं राहायचं. फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्याच्या फटीत पडून यंत्र अडकतं, त्यावर जुन्या नेमबाजांची युक्ती अशी: पुढचा घोडा ओढताना नळी लक्ष्याच्या दिशेतच थोडी वर उचलायची, म्हणजे तुकडा बाहेर गळतो. टोपी फुटली पण बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडे धरून पूर्ण मिनिटभर थांबा. उशिरा पेटणारा बार म्हणजे नेमका तोच, जो माणूस शस्त्र वळवून आत पाहायला लागला की सुटतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर काजळीने चक्री जड फिरू लागते. तेव्हा पुसून घ्यायची, जोर करायचा नाही.

शेतात, नदीकाठी, वरातीत यातलं काहीही चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीने हर्षोल्हासात केलेला बेजबाबदार गोळीबार स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मेच्या उन्हात कारच्या काचेमागे दारूचा डबा ठेवणं, हे तर वर्धेच्या माणसाला शिकवायची गरज नसावी.

संध्याकाळचं धुणं

काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते. आपल्याकडच्या श्रावणात रात्रभर तसंच ठेवलेलं शस्त्र सकाळी तांबूस झालेलं दिसेल. म्हणून ज्या दिवशी झाडलं त्याच दिवशी धुवायचं. रिकामं असल्याची पुन्हा खात्री करून ते उघडायचं. कोल्टची नळी एका पाचरीवर अडकवलेली असते. पाचर हळू ठोकून काढली की नळी, चक्री आणि सांगाडा वेगळे होतात. लाकडी मूठ उतरवून लोखंडी भाग गरम पाण्यात साध्या साबणाने, ब्रशने घासायचे. निपल किल्लीने काढून त्यांची भोकं सुईने मोकळी करायची. पाणी गरम असलं की धातू आपोआप लवकर सुकतो. कानाकोपऱ्यातली ओल मात्र उन्हात किंवा मंद आचेवरच्या तव्याजवळ ठेवून घालवावी. मग सगळ्या भागांना तेलाचा हलका हात. घरांमध्ये आणि नळीत खनिज तेल काळ्या दारूच्या काजळीशी मिसळून डांबरासारखा चिकटा होतो, म्हणून अनुभवी लोक तिथे वनस्पती तेल, चरबी किंवा मधमाश्यांच्या मेणाचं मिश्रण वापरतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पांढरं फडकं फिरवा. तांबूस डाग आला तर काल काहीतरी राहिलं आहे.

शिसं हाताला लागतं. धुण्याचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नका, साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखूची पुडी उघडू नका. गोळ्या घरी ओतण्याचा शौक असेल तर ते काम अंगणात, वारा पाठीशी घेऊन आणि पोरांपासून दूर. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते उसळून अंगावर येतं.

आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, फक्त पणजोबांची वस्तू नीट राहावी एवढंच वाटतं, त्यांच्यासाठी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, 1863 पासून उभं आहे आणि त्यात शस्त्रांचं दालन आहे. वस्तू देण्याआधी संग्रहालयाच्या अभिरक्षकांना पत्र लिहा. सोबत फोटो, खुणांचं वर्णन, पोलीस ठाण्याची पोच आणि सापडलेल्या जुन्या परवान्याची प्रत जोडा. भेट म्हणून देणार की प्रदर्शनासाठी उसनी, हे पत्रातच स्पष्ट करा. वस्तू नेण्याची परवानगी आणि व्यवस्था ठरल्याशिवाय घरातून हलवू नका.